रक्त तेच, फिरवणं वेगळं

२०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातली बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावं एकदम टीव्हीवर आली. डोक्यावरून हात फिरवला की केसांचा पुंजका हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. वाहिन्यांनी 'टक्कल व्हायरस' असं नाव ठेवून टाकलं, पण व्हायरस काही सापडला नाही. खारपाणपट्ट्यातल्या पाण्यावर संशय गेला, आयसीएमआरचं पथक येऊन नमुने घेऊन गेलं. पुढे, विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातलं जादा सेलेनियम हे कारण असल्याचा निष्कर्ष मांडला.

ते प्रकरण निवलं, केसांची धास्ती मात्र राहिली. तालुक्याच्या गावांतही आता केसांसाठीच्या 'पीआरपी', 'जीएफसी' अशा इंजेक्शनांच्या पाट्या दिसतात आणि माझ्यासारख्या विज्ञानावर चार ओळी लिहिणाऱ्याला लोक विचारतात, "भाऊ, पीआरपी करू का जीएफसी? कोनतं चांगलं हाय?" त्यातल्या निम्म्यांची समजूत अशी की खराब रक्त काढतात, शुद्ध करतात आणि डोक्यात भरतात. 'रक्त बिघडलं की केस गळतात' या एका वाक्यावर आठवडी बाजारातला जडीबुटीचा तंबू आणि मोबाइलवरचं चमत्कारी तेल, दोन्ही धंदे सुखानं चालले आहेत. पीआरपीत शुद्ध-अशुद्ध असं काही नसतं. पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा: तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट वेगळ्या काढतात आणि प्लाझ्मा या रक्तातल्या पिवळ्या द्रवाबरोबर डोक्याच्या कातडीत टोचतात, बस.

प्लेटलेट हा शब्द डेंग्यूनं घरोघरी नेला. दर पावसाळ्यात दवाखान्याच्या ओसरीवर 'किती उतरल्या?' हे ऐकू येतंच. हाडांच्या मगजातल्या एका भल्यामोठ्या पेशीचे हे तुटलेले तुकडे. त्यांना केंद्रक नाही, आयुष्य आठ-दहा दिवसांचं. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलीटर रक्तात दीड ते साडेचार लाख. जखम झाली की त्या चिकटून रक्त थांबवतात आणि पोटातल्या बारीक पिशव्या रित्या करतात. त्या पिशव्यांत वाढीचे घटक, म्हणजे ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनं असतात. 'इथे नवी रक्तवाहिनी फुटू दे, पेशी वाढू दे' हा निरोप ती देतात. १९९८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मार्क्स या शल्यचिकित्सकानं जबड्यात हाड बसवताना हा निरोप वापरून पाहिला. केसांसाठी हा निरोप नंतर वापरला गेला. डीएचटी या संप्रेरकामुळे आक्रसत चाललेल्या केसाच्या मुळाला तो मिळाला, तर ते वाढीच्या अवस्थेत जास्त दिवस टिकेल, असा कयास.

आता माझ्या आवडीचा भाग: सेंट्रीफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवून हलकं-जड वेगळं करणारं यंत्र. दूध डेअरीवर पूर्वी फॅट काढायला हातानं फिरवायचं गर्बर यंत्र असे. दूध आणि आम्ल भरलेल्या नळ्या गरगर फिरवल्या की हलकी चरबी एकीकडे गोळा होई. रक्ताचंही तसंच, फक्त हलक्या-जडातला फरक इथे फार थोडा. प्लाझ्माची घनता साधारण १.०३ च्या आतबाहेर, प्लेटलेटची १.०५ च्या आसपास, तांबड्या पेशीची १.०९ किंवा थोडी जास्त. एवढ्याशा फरकावर वेगळं कसं करणार? तिथे आकार मदतीला येतो. द्रवात कण किती वेगानं बुडेल हे स्टोक्सचा नियम सांगतो: वेग घनतेच्या फरकाच्या प्रमाणात वाढतो आणि व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, प्लेटलेट दोन-तीनची. व्यास तिप्पट म्हणजे वेग नऊपट. प्लाझ्माशी घनतेचा फरकही जवळपास तिप्पट. दोन्ही मिळून तांबडी पेशी प्लेटलेटपेक्षा पंचवीस-तीसपट वेगानं तळाला जाते. (नियम गोल कणांचा आहे आणि तांबडी पेशी चकतीसारखी, पण ढोबळ हिशेबाला चालतं.)

म्हणून पहिली फिरकी हलकी ठेवतात. तांबड्या पेशी खाली बसतात आणि प्लेटलेट वरच्या पिवळ्या प्लाझ्मात तरंगत राहतात. तो प्लाझ्मा काढून दुसऱ्यांदा जोरात फिरवला की प्लेटलेट तळाशी जमतात. वरचा बराच प्लाझ्मा टाकायचा, उरलेल्या थोड्यात तळ ढवळायचा, की झालं पीआरपी. पहिलीच फिरकी जोरात मारली तर प्लेटलेटही तांबड्यांबरोबर तळाला जातात आणि सिरिंजमध्ये येतं ते नुसतं पिवळं पाणी. दिसायला दोन्ही सारखंच!

आणि 'जोर' म्हणजे आरपीएम (मिनिटाला किती फेरे) नव्हे. नळीवर गुरुत्वाकर्षणाच्या किती पट बल पडतं ते काढायला आरपीएमचा वर्ग, गुणिले सेंटिमीटरमधली त्रिज्या, गुणिले ०.००००१११८ असं सूत्र आहे. १५०० आरपीएमवर दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात अडीचशे पट बल येतं, सोळा सेंटिमीटरच्या यंत्रात चारशे पट. आरपीएम दुप्पट केला की बल चौपट. एका दवाखान्याची '१५००वर दहा मिनिटं' दुसऱ्यानं वेगळ्या यंत्रावर उतरवली तर हाती वेगळंच काही येणार. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. रक्तपेढीत प्लेटलेट २० ते २४ अंशांवर ठेवतात. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५च्या घरात असताना लाइन गेलेल्या खोलीत नळी पडून राहिली, तर त्यातल्या प्लेटलेट कितपत कामाच्या राहतील?

इथवर आलात तर पुढचं सोपं आहे. पीआरपीच्या नळीत सायट्रेट असतं. ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन) ही २००१ मध्ये फ्रान्समध्ये पुढे आलेली पद्धत. तिच्यात सायट्रेट घालतच नाहीत. टोचायचा प्रकार असेल तर हळू फिरवून लगेच टोचावं लागतं, कारण काही मिनिटांतच त्याची खळ होते. फायब्रिनच्या, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांच्या, जाळ्यात अडकलेल्या प्लेटलेट मग निरोप हळूहळू, काही दिवस सोडत राहतात. जीएफसीत (ग्रोथ फॅक्टर कॉन्सन्ट्रेट) खास नळीतच प्लेटलेटना चेतवून पिशव्या रित्या करून घेतात, पेशी टाकून देतात आणि फक्त प्रथिनांचं पाणी टोचतात. जाहिरातीत ही 'पुढची पिढी' असते. पण प्रथिनं त्याच प्लेटलेटच्या पोटातली. मुळात प्लेटलेट कमी धरल्या असतील तर नळी कितीही महाग असो, जास्तीचं येणार कुठून? एक्सोसोम्स, म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या अतिसूक्ष्म पिशव्या, या रांगेतले नव्हेतच. ते बहुधा प्रयोगशाळेत वाढवलेल्या दुसऱ्याच पेशींपासून येतात आणि अमेरिकेच्या एफडीएनं असं एकही उत्पादन मंजूर केलेलं नाही. 'स्टेम सेल पीआरपी' असं लिहिलेलं दिसलं तर सरळ पुढे चालू लागा.

उपयोग होतो का? अनुवंशिक विरळपणात काहींना होतो. इटलीत २०१५ साली २० पुरुषांच्या अर्ध्या डोक्यावर पीआरपी आणि अर्ध्यावर नुसतं औषधाविना इंजेक्शन दिलं, तेव्हा तीन वेळांनंतर पीआरपीच्या बाजूला दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ४५.९ केस वाढले. २०१६ च्या २६ स्त्रियांवरच्या चाचणीत एका वेळेच्या पीआरपीनं ठळक फरक पडला नाही. बहुतेक चाचण्या अशाच लहान, आणि प्रत्येकीचं यंत्र वेगळं, फिरकी वेगळी. तिन्ही पद्धतींची समोरासमोर, मोठी तुलना नसताना 'जीएफसी दुप्पट भारी' असं छातीठोक सांगणाऱ्याला मी एवढंच विचारेन की तुमच्या पीआरपीत प्लेटलेट किती? मार्क्सचा ठोकताळा मायक्रोलीटरला दहा लाखांचा. साध्या लॅबमधलं सीबीसीचं यंत्रही हा आकडा काढून देतं.

दुखण्याच्या गोळ्यांचंही सांगतो. ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं एक विकर (एन्झाइम) कायमचं बंद पाडतं, आणि केंद्रक नसल्यानं ती ते नव्यानं बनवू शकत नाही. मरेपर्यंत तशीच. म्हणून डॉक्टर आधी गोळ्या विचारतात. हृदयासाठी ॲस्पिरिन सुरू असेल तर मात्र केसांपायी ती स्वतःहून बंद करू नका. सुया नव्याच हव्यात. न्यू मेक्सिकोतल्या एका स्पात असंच रक्त चेहऱ्यावर टोचून घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्ही झाल्याचं २०१८ मध्ये उघड झालं होतं.

राहिला निदानाचा प्रश्न. बाळंतपण, टायफॉइड, डेंग्यू यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भसाभस गळतात, कारण बरीच मुळं एकाच वेळी विश्रांतीला गेलेली असतात. कारण सरलं की साधारण सहा महिन्यांत ती आपसूक परत कामाला लागतात. घाबरलेला माणूस दवाखान्यात पोचतो चौथ्या-पाचव्या महिन्यात, सुई टोचून घेतो, केस येतात आणि श्रेय सुईला जातं. रक्तातलं लोह कमी असेल किंवा थायरॉइड बिघडलेला असेल, तर पीआरपी करा की जीएफसी, गळती चालूच राहते. हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट तपासून मिळतं. पीआरपीच्या एका सिटिंगला काही हजार लागतात आणि एका सिटिंगवर कुणी थांबत नाही.