तुमचा फोन ४९७ म्हणतो, आमचं ड्रॉईंग ५६२ म्हणतं, मग चुकलंय कोण?

आम्ही सर्व्हेवाले. कंटूरचं ड्रॉईंग (प्लॉटवरच्या सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा) हातात पडलं की आठवडाभरात फोन येतोच. "अहो, मी प्लॉटवर उभा राहून मोबाईलवर बघितलं, ४९७ मीटर दाखवतंय आणि तुम्ही ५६२ लिहिलंय, तुमचं मशीन बघून घ्या जरा." मशीन ठीक आहे आणि मोबाईलपण ठीक आहे. दरवेळी पंधरा मिनिटं तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून काढलं, आता ड्रॉईंगसोबत हे पान देतो. तुमच्या आर्किटेक्टला आणि कॉन्ट्रॅक्टरला व्हॉट्सॲपवर नक्की पाठवा, कारण खरा घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

वाघोलीच्या पुढे एका साइटवर नवरा-बायको दोघंही नाल्यावरच्या मोरीवर शेजारी शेजारी उभे होते, एकाच्या हातात आयफोन, दुसऱ्याच्या हातात अँड्रॉइड, आणि दोघांच्या उंचीत साठ मीटरच्या वर फरक. वीस मजली बिल्डिंग मावेल एवढा! दोघंही खरंच सांगत होते. आयफोन समुद्रसपाटीपासूनची उंची देतो, अँड्रॉइडवरची बरीच ॲप्स जीपीएसची कच्ची उंची तशीच दाखवतात. (अँड्रॉइड १४ पासून समुद्रसपाटीची उंची वेगळी द्यायची सोय आली आहे, पण ॲपवाल्याने ती वापरली पाहिजे ना.)

म्हणजे उंची दोन वेगळ्या शून्यांपासून मोजली जाते, आता ही दोन शून्यं कुठली ते सांगतो. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर जी उंची असते ती समुद्रसपाटीपासूनची. भारतीय सर्वेक्षण विभागाने किनाऱ्यावरच्या नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदी धरून हे शून्य पक्कं केलं, त्यात आपली मुंबईपण होती, आणि तिथून दुर्बीण आणि स्टाफ (मापाची उभी पट्टी) लावत लावत देशभर लेव्हल नेली, १९०९ मध्ये ते सगळं गणित जुळवलं. नागपूरच्या झिरो माइलला गेलात तर तिथल्या १९०७ च्या जीटीएस (ब्रिटिशांच्या काळातली देशभराची मोठी मोजणी) दगडावर १०२०.१७१ फूट कोरलेलं आहे, तीही हीच उंची. जीपीएसला मात्र समुद्र वगैरे काही माहीत नाही, ते पृथ्वीचा एक गुळगुळीत गणिती अंडाकार गोळा धरतं, त्याला डब्ल्यूजीएस ८४ म्हणतात, आणि त्या गोळ्यापासून उंची सांगतं. खरा समुद्र गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वर-खाली असतो आणि आपल्या बाजूला तो चांगलाच खाली आहे, समुद्रसपाटीतला जगातला सगळ्यात खोल खड्डा श्रीलंकेच्या दक्षिणेला, सुमारे १०६ मीटर. पुण्यात हा फरक ६५ मीटरच्या आसपास. म्हणून तर अलिबागच्या वाळूत पाय बुडवून उभं राहिलात तरी कच्चं जीपीएस तुम्हाला पाण्याखाली साठ-पासष्ट मीटर दाखवेल.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. ज्या एका गोष्टीत आमचे आणि तुमचे दिवस जातात ती वेगळीच आहे.

प्लॉटचं ड्रॉईंग आम्ही देतो, मग कोणीतरी नंतर विहीर, लाइटचा खांब, मागचा रस्ता असे चार पॉइंट मोबाईलवर घेतं आणि त्याच एक्सेलमध्ये खाली टाकतं. कॉलमला नाव काय, तर "उंची". बास. शून्य कुठलं ते कुठेच नाही. मग आर्किटेक्टच्या सॉफ्टवेअरमध्ये विहीर जमिनीखाली पासष्ट मीटर जाते. हे चटकन कळतं त्यामुळे त्याचं फार वाईट वाटत नाही, एक फोन आणि मिटलं. भयंकर प्रकार तेव्हा होतो जेव्हा कोणीतरी ते स्वतः दुरुस्त करायला जातं. युट्यूबवर जर्मनी-इंग्लंडकडचा व्हिडिओ बघतात, तिकडे समुद्रसपाटी गोळ्याच्या वर आहे म्हणून ते वजा करतात, आपले लोकही वजा करतात. आपल्याकडे ६५ मिळवायचे असतात! वजा केले की चूक १३० मीटरची होते. एका साइटवर अर्धे पॉइंट असे वजा केलेले, अर्धे तसेच ठेवलेले आणि वर कोणीतरी सगळ्यांतून सरासरी काढलेली, म्हणजे कुठला आकडा मूळचा हेच कळायला मार्ग नाही, शेवटी परत जाऊन सगळं मोजलं. त्यात एक आख्खा दिवस गेला आणि बिल कोणी द्यायचं यावरून चहा पण गार झाला.

तर आकडा कुठूनही आणा, शेजारी एक कॉलम करा आणि त्यात लिहा: समुद्रसपाटी, जीपीएस गोळा, की साइटचं १००. हे तिसरं "१००" पण लक्षात ठेवा. बरेच कॉन्ट्रॅक्टर गेटपाशी एक पॉइंट धरून त्याला आरएल (धरलेल्या शून्यापासूनची उंची) १०० म्हणतात आणि सगळं त्याच्यावरून चालवतात, प्लिंथला आणि ड्रेनेजच्या उताराला ते चालतंही, कारण एवढ्याशा जागेत दोन पॉइंटमधला फरक कुठल्याही शून्यावरून तोच येतो. पण प्लॉट नदीकाठी असेल आणि पूररेषा बघायची असेल, निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर तिथे १०० चा काही उपयोग नाही, समुद्रसपाटीचीच लेव्हल लागते.

आणि हो, शून्य कुठलं विचारलं तर "प्रोजेक्शन झोन ४३ नॉर्थ (नकाशाच्या पट्ट्याचा कोड) दिलंय की" हे उत्तर नको. त्या कोडमध्ये फक्त पूर्व-उत्तर असतं, उंचीबद्दल एक अक्षर नसतं.

दुसरा नेहमीचा प्रश्न, नेटवर कंटूर फुकट मिळतात मग तुम्ही पैसे कसले घेता. मिळतात, आम्हीपण वापरतो, डोंगर कुठे, ओढा कुठून येतो हे बघायला फार छान. पण त्यातला खूप वापरला जाणारा डेटा फेब्रुवारी २००० मध्ये एका स्पेस शटलने ११ दिवसांत रडारने घेतलेला आहे, एक चौकोन साधारण ३० मीटरचा, उंची पूर्ण मीटरमध्ये, आणि झाडांचे शेंडे, छपरं सगळी त्यात धरलेली. दहा गुंठ्यांच्या प्लॉटवर असे एक-दोन चौकोन बसतात. सॉफ्टवेअरला अर्ध्या मीटरचे कंटूर मागितले तर ते बिचारं काढून देतं, सुंदर वळणावळणाच्या रेषा येतात, खऱ्या मात्र नसतात. आणि २००० नंतर पुण्याभोवतीच्या टेकड्या किती खोदल्या ते तुम्ही रोज बघताच. भुवनवरून (इस्रोची नकाशांची वेबसाइट) कार्टोसॅट उपग्रहाची उंची उतरवलीत तर अजून एक गंमत, ती गोळ्यावरची असते, शटलच्या डेटासारखी समुद्रसपाटीची नाही, म्हणजे हे दोन फुकटचे डेटा एकमेकांवर ठेवले तरी ६५ मीटरची उडी आहेच.

आमच्या कोटेशनमध्ये "बेंचमार्कवरून (समुद्रसपाटीपासूनची पक्की उंची माहीत असलेली खूण) लेव्हल आणणे" अशी वेगळी ओळ असते आणि तीच ओळ सगळ्यांना कापायची असते. कापता येते, साइटचं १०० धरून काम स्वस्तात होतं, आम्ही ते लपवत नाही. पण पुढे रस्त्याच्या किंवा नदीच्या लेव्हलला जोडायची वेळ आली की टीमला परत यावं लागतं आणि मग तेवढ्याच कामाचे जास्त पडतात. आम्ही देतो त्या फाइलमध्ये दोन्ही कॉलम असतात, जीपीएसची मूळ उंची आणि समुद्रसपाटीची, आणि मधला फरक गुरुत्वाकर्षणाच्या कुठल्या मॉडेलवरून घेतला तेही लिहिलेलं असतं, ईजीएम ९६ की ईजीएम २००८. कॉलम जास्त दिसतात म्हणून डिलीट करू नका. जुनं ड्रॉईंग दुसऱ्या कोणाकडचं असेल तरी घेऊन या, शून्य कुठलं आहे ते बघून सांगायचे आम्ही पैसे घेत नाही.

शेवटचं, साइटवरून निघताना आम्ही मोरीच्या कठड्यावर किंवा पक्क्या दगडावर एक खिळा ठोकून लाल रंग लावतो, त्यावर लेव्हल लिहितो. तो खिळा म्हणजे तुमच्या प्लॉटवरच्या सगळ्या लेव्हलचा आधार. वॉचमन तो उपटून त्यावर कॅलेंडर लावतो, जेसीबीवाला कठडाच पाडतो. खोदाई सुरू करायच्या आदल्या दिवशी एक फोन टाका, आम्ही तासाभरात येऊन लेव्हल दुसऱ्या जागी हलवून देतो. खिळा गेल्यावर फोन केलात तर परत बेंचमार्कपासून सुरुवात.