बँडचा प्रचार नेमका करतं कोण?

'बँड समाजमाध्यमांवर आपल्या संगीताचा प्रचार कसा करतात?' पुण्यात माध्यमं, मार्केटिंग किंवा संगीत शिकणाऱ्या कुणालाही प्रकल्पासाठी सुचावा असा हा विषय आहे. बँड बहुतेक वेळा मित्राचाच असतो आणि लाइक-व्ह्यूजचे आकडे फोनवर फुकट दिसतात. अडचण प्रश्नाच्या मांडणीत आहे. प्रचार बँडच करतो, तो ठरवून करतो आणि श्रोते त्यामुळेच येतात, हे सगळं प्रश्न विचारतानाच मान्य करून टाकलेलं असतं. मग मुलाखतीत 'तुमची स्ट्रॅटेजी काय?' असं विचारलं जातं आणि समोरचा गिटारवाला, आपल्याकडे ती असायलाच हवी होती अशा समजुतीने, एक तयार करून सांगतो.

मागे वळून पाहिलं तर संगीताची माध्यमं संगीतकारांनी निवडल्याची उदाहरणं फारशी सापडत नाहीत. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीत असावं, चित्रपटगीतं नसावीत, असा त्यांचा आग्रह होता. चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पुढे तिच्यातली क्रमवारी रेकॉर्डविक्रीचे आकडे आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रं यांच्या आधारे ठरू लागली. झुमरी तलैया हे झारखंडातलं गाव देशाला ठाऊक झालं ते केवळ फर्माइशी पाठवणाऱ्यांमुळे. पत्र लिहिणारा उत्साही अल्पसंख्य श्रोता म्हणजेच 'लोक' असं धरून चालण्याची सवय तेव्हापासूनची. आज कमेंट करणाऱ्याला आपण तोच मान देतो.

इंटरनेटवरही असंच घडलं. फ्रेंडस्टर या अमेरिकी साइटने प्रोफाइलचे नियम पाळत नाहीत म्हणून इंडी रॉक बँडना बाहेर काढलं आणि ते २००३ मध्ये सुरू झालेल्या मायस्पेसवर गेले. तिथे क्लब चालवणारे, बँड आणि चाहते एकमेकांना सापडले, आणि 'मायस्पेसने संगीताचं जग बदललं' ही कहाणी तयार झाली. तिचा नायक ठरला इंग्लंडमधल्या शेफील्डचा आर्क्टिक मंकीज हा बँड. जानेवारी २००६ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या ब्रिटनमध्ये एका आठवड्यात ३,६०,००० हून अधिक प्रती खपल्या. इंटरनेटने घडवलेला बँड म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतलं. बँडचं स्वतःचं म्हणणं मात्र वेगळं होतं: मायस्पेसचं पान आम्ही काढलंच नव्हतं, चाहत्यांनी काढलं. बँडच्या पोरांनी कार्यक्रमांत डेमो सीडी फुकट वाटल्या होत्या. ऐकणाऱ्यांनी त्या कॉपी केल्या, नेटवर चढवल्या, आणि पुढच्या कार्यक्रमाला शब्द पाठ करून आले. मेहनत श्रोत्यांची, नाव माध्यमाचं. तरीही मार्केटिंगच्या वर्गात हे उदाहरण 'बँडने मायस्पेस कसं वापरलं' अशाच थाटात सांगितलं जातं.

गंमत म्हणजे या अल्बमनंतर तीनच आठवड्यांत, फेब्रुवारी २००६ मध्ये, 'सायन्स' या नियतकालिकात मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अनोळखी बँडची ४८ गाणी आणि १४,००० हून अधिक सहभागी. काहींना फक्त गाणी दिसली. बाकीच्यांची आठ वेगवेगळ्या 'जगांत' विभागणी केली आणि प्रत्येकाला आपल्या जगात कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड झालं ते दाखवलं. आकडे दिसू लागताच लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली, पण कुठली, ते जगागणिक बदललं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. यशस्वी बँडच्या पोस्ट तपासून 'यशाचं सूत्र' काढू पाहणाऱ्या प्रत्येक प्रबंधाला हा प्रयोग अडचणीचा आहे. आपल्या वाट्याला जग एकच येतं आणि त्यात वर आलेल्याचं काहीतरी कौशल्य असणारच, असं आपण धरून चालतो.

न चाललेल्यांच्या पोस्ट तपासाव्यात म्हटलं, तर त्या राहतातच असं नाही. ऑर्कुट हे फेसबुकआधी भारतात गाजलेलं समाजमाध्यम सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं. २०१५ पर्यंत मायस्पेसवर चढवलेलं संगीत सर्व्हर हलवताना गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. पाच कोटींच्या आसपास गाणी असावीत, असा तेव्हाचा अंदाज होता. त्या काळाबद्दल आज जे लिहिलं जातं ते टिकून राहिलेल्यांच्या आठवणींवरच.

फेसबुकच्या काळात आकड्यांना वेगळाच मान आला. पेजला लाइक म्हणजे श्रोता, असा हिशेब सुरू झाला. पण पेजची पोस्ट सरासरी १६ टक्के चाहत्यांपर्यंतच पोचते, असं फेसबुकनेच २०१२ मध्ये सांगितलं होतं. २०१८ मध्ये मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य मिळालं आणि पेज आणखी मागे पडली. बँडची मेहनत तीच, पोच मात्र कमी.

मग जून २०२०. केंद्र सरकारने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. जुलैतच इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. बंदी सीमेवरच्या तणावातून आली, संगीताशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. तरी 'बँड रील्सकडे का वळले?' याची उत्तरं कलात्मक कारणांत शोधली जातात. केसकरांच्या काळातला श्रोता सिलोनकडे वळला तेव्हाही हुकूम दिल्लीचाच होता!

पुण्यात हे तपासायला सामग्री भरपूर आहे. अग्नी हा पुण्याचा बँड देशभर पोचला त्यात एमटीव्हीच्या 'रोडीज'च्या थीम साँगचा वाटा मोठा होता, म्हणजे टीव्हीचा. ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन 'वाटा' या गाण्यापासून यूट्यूबवर ऐकला जात होताच, पण फेब्रुवारी २०२३ मध्ये 'बिग बॉस' जिंकल्यावर तो ज्या घरांत पोचला ती घरं वेगळी. समाजमाध्यम आणि टीव्ही यांची फाळणी करून संशोधन केलं तर या दोघांपैकी कुणाचीच गोष्ट पूर्ण सांगता येत नाही. डिसेंबर २०१० मध्ये पुण्यात एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा इन्स्टाग्राम दोन महिन्यांचं बाळ होतं. सवाईचा मांडव तर १९५३ पासून भरतो आहे.

शिवाय बँड म्हणजे कोण? नमुन्यात हटकून इंग्रजी-हिंदी गाणारी, गिटार-ड्रम्सवाली मंडळी येतात, कारण संशोधक त्यांनाच फॉलो करतो. विसर्जन मिरवणुकीत वाजणारे ब्रास बँड, आणि गणपतीआधी नदीकाठच्या सरावाचे व्हिडिओ टाकून नवे वादक गोळा करणारी ढोल-ताशा पथकं कुठल्या रकान्यात? पथकांसाठी तर व्हिडिओ हा श्रोत्यांसाठी नसून भरतीसाठी असतो. हा उद्देश 'संगीताचा प्रचार' या चौकटीत बसतच नाही.

आणखी एक अडसर आहे, माहिती हाती लागण्याचा. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांना फुकट मिळणारा डेटा बंद केला. फेसबुक-इन्स्टाग्रामवर काय पसरतं ते दाखवणारं क्राउडटँगल मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलं. पुण्यातल्या कार्यक्रमांची बरीचशी हाकाटी तर व्हॉट्सअॅपवर होते: सोसायटीचा ग्रुप, कॉलेजची जुनी बॅच, फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकत्र काम केलेली टीम. ते बाहेरच्या कुणाला दिसत नाही. मग जे दिसतं त्यालाच आपण विषय ठरवतो.

म्हणून काही जण दारावर उभं राहून प्रेक्षकांनाच विचारतात. तिथेही 'कार्यक्रमाबद्दल कुठे कळलं?' असं विचारलं की उत्तर पटकन येतं: इन्स्टावर. आधी 'कुणाबरोबर आलात?' आणि 'तिकिटं कुणी काढली?' असं विचारून पाहावं. चौघांच्या टोळक्यात पोस्ट एकानेच पाहिलेली असू शकते. त्यालाही ती ड्रमरच्या बहिणीने पाठवलेली असेल, तर तिची नोंद बँडच्या प्रचारात करायची की घरच्यांच्या, हे रकाने आखण्याआधीच ठरवावं लागेल.