फिकट नाकाचा ससा

"भावोजी, ह्यांचा रंग उडतोय बघा. आणले तेव्हा नाक कसं कोळशासारखं होतं, आता चहासारखं झालंय. पोटात काही कमी पडतंय का ह्यांच्या?"

वहिनींनी पिंजऱ्याचं दार उघडून नर बाहेर काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. गुहागरजवळची वाडी, मे महिना, दुपारचे दोन. अंगाने पांढराशुभ्र, डोळे गुलाबी, वजन चार किलोच्या आसपास. कान, नाक, पंजे आणि शेपूट मात्र एरवी काळपट. ही कॅलिफोर्नियन जात. ह्या नराचं नाक खरंच फिकट तपकिरी दिसत होतं. कान हातात धरले तर इस्त्रीवरून नुकत्याच उचललेल्या रुमालासारखे गरम, आणि आतल्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या.

पोटात काही कमी नव्हतं. ससा आपल्या अंगावर कोकणातल्या उकाड्याची नोंद करत होता.

कॅलिफोर्नियन जात तयार केली जॉर्ज वेस्ट नावाच्या अमेरिकन माणसाने. १९२३ च्या सुमारास त्याने हिमालयन आणि चिंचिला सशांचा संकर करायला सुरुवात केली आणि पुढे त्यात न्यूझीलंड व्हाइटचं रक्त मिसळलं. (न्यूझीलंड व्हाइटही अमेरिकेतलाच, न्यूझीलंडशी त्याचा नावापुरता संबंध.) काळी टोकं आली ती हिमालयनकडून. या सशांत केसांना काळा रंग देणारं विकर (एन्झाइम) थोडं अधू असतं. गारव्यात ते काम करतं, उष्णतेत थांबतं. सशाच्या पोटातलं तापमान ३९ अंशांच्या आसपास, म्हणून धड पांढरं राहतं. कान-नाक-पंजे वाऱ्यावर असतात, तिथली कातडी गार, म्हणून तिथे काळे केस उगवतात. सयामी मांजराचीही हीच गोष्ट. अशा सशाच्या पाठीवरचे केस भादरून तिथे बर्फाची पिशवी बांधली, तर नवे केस काळे येतात, हा जीवशास्त्राच्या पुस्तकांतला जुना प्रयोग आहे.

पिल्लं जन्मतात तेव्हा आईच्या पोटातल्या उबेमुळे पूर्ण पांढरी असतात. एखादं पिल्लू घरट्याबाहेर पडून गारठलं तर त्याच्या अंगावर राखाडी झाक येते. आणि सगळं वर्ष उकाड्यात काढणाऱ्या सशाची टोकं फिकट होत जातात. उगवलेला केस रंग बदलत नाही, तो झडून नवा यावा लागतो. म्हणजे वहिनींना दिसत होता तो मार्च-एप्रिलचा हिशोब होता.

आता मूळ दुखण्याकडे. सशाला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल. तो धापा टाकतो, पण त्याने फारसं भागत नाही. त्याची भिस्त कानांवर. न्यूझीलंड व्हाइटसारख्या सशात अंगाच्या एकूण पृष्ठभागापैकी सुमारे १२ टक्के भाग कानांचा असतो. उकडायला लागलं की कानांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता हवेत सोडतात. पण त्यासाठी हवा कानापेक्षा गार हवी. १५ ते २५ अंशांत ससा मजेत असतो. तिशी ओलांडली की खाणं कमी होतं, आणि पस्तिशीच्या पुढे कान काही कामाचे राहत नाहीत, ससा आडवा होतो.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे पारा कुठे पस्तिशीच्या पुढे जातो? विदर्भात ४५, आपल्याकडे ३३. खरं आहे, पण हे अर्धंच गणित. इजिप्तमधल्या मराई आणि सहकाऱ्यांनी सशांसाठी तापमान आणि आर्द्रता एकत्र धरणारा निर्देशांक मांडला. तो २७.८ च्या आत असेल तर ठीक, ३० च्या वर गेला की अतितीव्र ताण. मी दोन दुपारींचं गणित करून पाहिलं. घाटावरची कोरडी दुपार, ३६ अंश आणि ३० टक्के आर्द्रता: निर्देशांक ३१.३. आपली दुपार, ३३ अंश आणि ७५ टक्के: ३१.६. सशाच्या दृष्टीने आपले ३३ म्हणजे घाटावरचे ३६. शिवाय घाटावर रात्री पारा धाडकन उतरतो. आपल्याकडे मे महिन्यात पहाटेही २५-२६ असतो. ससा मुख्यतः रात्री खाणारा प्राणी. त्याची जेवणाची वेळसुद्धा चिकचिकीत जाते.

म्हणूनच कोरड्या प्रदेशासाठी लिहिलेले उपाय इथे अंगाशी येतात. पिंजऱ्याभोवती ओली पोती टांगा, फवारे सोडा, हे सल्ले वहिनींनी मोबाइलवर पाहिले होते आणि पोती टांगलीही होती. ओलं पोतं गार होतं ते पाण्याची वाफ होते म्हणून. वर सांगितलेल्या घाटावरच्या दुपारी ते साधारण २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. कोकणातल्या दुपारी २९ च्या खाली जातच नाही, कारण हवा आधीच पाण्याने भरलेली. उलट पोत्यांनी वारा अडतो, खालच्या मुताचा उग्र वास आत कोंडतो आणि सशांची नाकं गळायला लागतात. मी पहिलं काम केलं ते पोती उतरवण्याचं. ती काढल्यावर समुद्रावरून येणारा खारा वारा शेडमधून आरपार गेला, तो मलाही जाणवला.

पोत्यांऐवजी बाटली. फ्रीजरमध्ये पाणी गोठवून ती बाटली दुपारी पिंजऱ्यात आडवी ठेवायची. इथे वाफेचा प्रश्न नाही, उष्णता सरळ अंगातून बर्फात जाते. नराने पाच मिनिटं बाटली हुंगली, मग तिला रेलून बसला आणि एक कान तिच्यावर टाकला. वीज गेली तर काय, हा प्रश्न वहिनींनी लगेच विचारला आणि तो रास्त आहे. तेव्हा फरशीचा तुकडा किंवा सावलीतला जांभ्याचा गार चिरा कामाला येतो.

छप्पर मात्र बाटलीहून महत्त्वाचं. पत्रा दुपारी वरून भाजतो, त्याखाली ससा ठेवू नये. पत्राच असेल तर वर झावळांचा जाड थर टाकावा. कौलारू, मधे उंच, पूर्व-पश्चिम लांबी, दोन्ही बाजूंना जाळी आणि पागोळ्या आत येऊ नयेत इतकी लांब पडवी, असं शेड आपल्याकडे सुताराला समजावूनही सांगावं लागत नाही. आपली जुनी गोठ्याची पद्धत तीच आहे.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. जूनमध्ये पाऊस लागला, गारवा आला, की लोक नर-मादी एकत्र सोडतात आणि मादी गाभण राहत नाही. मग मादीला दोष. खरा दोष नराच्या मे महिन्यात असतो. तापमान तिशीच्या वर राहिलं की नराच्या वृषणात शुक्राणू नीट तयार होत नाहीत, आणि नवे तयार व्हायला सहा-सात आठवडे लागतात. मे महिन्यात भाजलेला नर जुलैपर्यंत वर्तनाने तगडा आणि आतून रिकामा असू शकतो. म्हणून शेडमधली सगळ्यात गार जागा, पंखा आणि बर्फाची बाटली यांवर पहिला हक्क नराचा. वहिनींना हे ऐकून हसू आलं. "घरातही तसंच आहे," त्या म्हणाल्या.

यावरून वर्षाचं वेळापत्रक ठरतं. माझा सल्ला: एप्रिल-मेमध्ये जोड्या लावूच नयेत. नारळी पौर्णिमेच्या सुमारास सुरुवात करावी आणि डिसेंबरअखेर थांबावं. थंडीतही आपल्याकडे दुपारी पारा तिशी ओलांडतो, पण रात्री तो विशीच्या आसपास उतरतो आणि ससा पोटभर खातो. जोडी लावताना मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, नर मादीच्या नाही, नाहीतर ती आपल्या घरात आलेल्याला ओरबाडते. सशाच्या मादीला गायीसारखा ठरलेल्या दिवसांचा माज नसतो, समागमानंतर दहा-बारा तासांनी बीज सुटतं. साधारण ३१ दिवसांनी वेत. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवशी विण्याची पेटी ठेवायची, मादी आपल्या छातीचे केस उपटून आत गादी करते. सहा-सात पिल्लं, बिनकेसांची, डोळे मिटलेली. आई दिवसातून एकदाच, तेही तीन-चार मिनिटं दूध पाजते. "आई पिल्लांकडे बघत नाही" म्हणून पिल्लं उचलून हाताने पाजणारे लोक मी पाहिलेत. पिल्लांची पोटं गोल टम्म दिसत असतील तर हात लावू नये.

खाण्याच्या बाबतीत कोकणात चंगळ आहे. रताळ्याचे वेल, हादग्याचा आणि पांगाऱ्याचा पाला, गवत, वर थोडा पेलेटचा, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्यांचा, खुराक. खुराक दिवस मावळल्यावरच घालावा. सुबाभूळ बेताने, कारण त्यात मायमोसीन नावाचं घातक द्रव्य असतं. पावसाळ्यात बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड तर अजिबात नको, तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष सशाचं यकृत खलास करतं. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खातो, त्याचा घाबरेपणा नको. चारा मोठ्या आंतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत आंबतो, तिथे तयार झालेली प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं तो अशी दुसऱ्या फेरीत मिळवतो.

पावसाळ्यात तापमान सोसतं, पण ओलीने कॉक्सिडिया नावाचे परजीवी फोफावतात. पिल्लांना हगवण लागते, पोट फुगतं आणि आठवड्यात अर्धं वेत जातं. जमिनीपासून उंच, जाळीच्या तळाचा पिंजरा आणि लेंड्या रोज काढणं, याला पर्याय नाही. कानात खवले दिसले तर ती खरूज, पशुवैद्याला दाखवावं.

हवामानाला साजेशी जात मुद्दाम घडवण्याचे प्रयत्नही झालेत. टेक्सासमधल्या किंग्सव्हिलच्या विद्यापीठात कॅलिफोर्नियनसह अनेक जातींच्या संकरातून उन्हाला टिकणारा कळप तयार केला गेला. बिनकेसांच्या सशांवरही अभ्यास झाला, आणि उन्हाळ्यात ते केसाळ भावंडांपेक्षा जास्त खाऊन जास्त वाढले. आपल्याकडे अविकानगरची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था मांसाच्या सशांवर काम करते. तिचं दक्षिणेतलं केंद्र कोडाईकनालच्या डोंगरात मन्नवनूरला आहे. तिथली हवा गार, तेव्हा तिथल्या वाढीचे आकडे वाचून आपला हिशोब मांडू नये. थंड हवेत दहा आठवड्यांत दोन किलो होणारं पिल्लू आपल्याकडे तीन-साडेतीन महिने घेतं. आपल्याला जवळचं उदाहरण केरळचं, तिथली हवाही आपल्यासारखीच दमट.

दोन किलोच्या सशातून किलोभर मांस निघतं. पांढरं, कमी चरबीचं, चार माणसांना एका जेवणात संपणारं. पण सशाच्या मटणाचं गिऱ्हाईक आपल्या बाजारात ठरलेलं नसतं, ते आधी शोधावं. परवान्याचं आणि कत्तलीच्या नियमांचं पशुसंवर्धन खात्यात विचारावं, आणि "पिल्लं आम्हीच परत घेऊ" असं सांगून जोड्या विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहावं. रानातल्या सशाशी याची गल्लत नको. तो वेगळ्या प्रजातीचा, त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगभर केस घेऊनच जन्मतात, आणि त्याची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

निघताना वहिनींनी विचारलं, मग नाक परत काळं होणार का? केस झडून नवे येतील तेव्हा, म्हटलं, थंडी पडल्यावर. जानेवारीत त्यांनी फोटो पाठवला. नाक काळं होतं, कानाची टोकंही. खाली पेटीत पाच पिल्लं, पूर्ण पांढरी, फक्त एकाच्या पाठीवर राखाडी पट्टा. रात्री पेटीबाहेर पडलं होतं, पहाटे सापडलं.