‘छान झालं हो, बाई’

चर्चमधली रविवारची उपासना सुटली आहे. आवारात चहाचे कप फिरताहेत. शब्बाथ शाळेतली, म्हणजे मुलांच्या बायबल-वर्गातली, चिल्लीपिल्ली आज पुन्हा पेंगली, कारण माशाच्या पोटातून सुटून निनवे शहरी गेलेल्या योना संदेष्ट्याची गोष्ट चाळीस मिनिटं चालली. हे पालकांना ठाऊक आहे, पंचांना ठाऊक आहे, पाळकसाहेबांनाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त गोष्ट सांगणाऱ्या बाईंना. त्यांना जो तो म्हणतो, “छान झालं हो, बाई. देव तुमचा असाच उपयोग करो.”

प्रसंग माझ्या मनातला, पण मराठी ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्या कुणालाही तो आपल्याच चर्चचा वाटेल. आणि हा निव्वळ भित्रेपणा नव्हे. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात एकाने दुसऱ्याला निरोप द्यायचा होता: घरी फोन कर, चांगली बातमी आहे. किंवा, वाईट बातमी आहे. चांगली असली की लोक ती आवर्जून सांगत. वाईट असली की अनेकजण ‘घरी फोन कर’ एवढंच बोलून थांबत. बातमीशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता, तरी जीभ रेटेना.

चर्चमध्ये त्यात भर पडते. बाई पगारावर नाहीत. आठवडाभर नोकरी आणि घर सांभाळून त्या येतात. दुखावल्या आणि सोडून गेल्या, तर मुलांना सांभाळणार कोण?

बरं, सगळं स्पष्ट बोलून टाकावं, तर तेही धोक्याचं. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे जुने अभ्यास एकत्र करून ६०७ निष्कर्ष तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला. पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्राय मिळाल्यावर काम आणखी बिघडलं होतं! त्यांनी लावलेला अर्थ असा: ऐकणाऱ्याचं लक्ष कामावर राहिलं, तर काम सुधारतं. ते ‘मी कशी आहे’ याकडे वळलं, की अभिप्रायाची धार जाते. हे टीकेलाच लागू आहे असं नाही. ‘तुमच्यासारखं कोणी नाही’ ही स्तुतीसुद्धा लक्ष कामावरून माणसावरच नेते.

चर्चमध्ये नेमकं इथेच घोडं अडतं. आपण कामाला काम म्हणतच नाही, ‘सेवा’ म्हणतो. गाणं बेसूर झालं असं म्हटलं, की गायनमंडळाच्या प्रमुखाला ते आपल्या पाचारणावर, म्हणजे देवाने या सेवेला बोलावलं यावरच, घेतलेल्या शंकेसारखं ऐकू येतं. काही पंच बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायाचा आधार घेतात: भावाचा अपराध त्याला एकांतात दाखव. एकांताचा सल्ला उत्तमच. पण माईकचा आवाज कमी-जास्त होणं हा अपराध आहे का? तो श्लोक तिथे लावला, तर बिघडलेल्या माईकचं पाप होतं.

मग बोलावं कसं? डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा अमेरिकेतला शाळकरी प्रयोग मला इथे फार उपयोगी वाटतो. सातवीच्या मुलांचे निबंध शिक्षकांनी तपासले, चुका दाखवल्या. काही वह्यांना चिठ्ठी जोडली: माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पुऱ्या करशील हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे लिहितोय. बाकीच्यांना साधी चिठ्ठी. निबंध पुन्हा लिहायचा की नाही, ते मुलांवर सोडलं होतं. साध्या चिठ्ठीवर कृष्णवर्णीय मुलांपैकी जेमतेम १७ टक्क्यांनी तो पुन्हा लिहिला, अपेक्षेच्या चिठ्ठीवर सत्तर टक्क्यांहून अधिकांनी. मुलं मोजकीच होती, त्यामुळे आकडे जपून घ्यावेत. पण शेरे बदलले नव्हते. ते कशासाठी लिहिलेत, एवढंच उघड सांगितलं होतं.

बाईंशी बोलायचं तर चहाच्या गर्दीत नको आणि महिनाभराने वार्षिक सभेतही नको. त्याच आठवड्यात त्यांच्या घरी जावं. “बाई, मासा आला तेव्हा मुलं कान टवकारून होती. निनवेला पोचेपर्यंत पेंगली. पंधरा मिनिटांत आटोपून उरलेल्या वेळात चित्र काढायला दिलं तर? तुम्हाला काय वाटतं?” यात बाईंच्या भक्तीचा विषयच निघत नाही. मासा आहे, मुलं आहेत, घड्याळ आहे.

राहता राहिले पाळकसाहेब. त्यांचा उपदेश आज पन्नास मिनिटं चालला. उपासनेनंतर ते दाराशी उभे आहेत. रांगेतला प्रत्येकजण हात मिळवतो आणि म्हणतो, “साहेब, फार छान संदेश.”