मागे डिस्क बसवली, आता व्हॉल्व्ह कुठला?

जुन्या फोर्ड मस्टँगचे मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवणारा माणूस आज ना उद्या या प्रश्नापाशी येतोच: मागच्या चाकांना जाणारा ब्रेकचा दाब आवरायला कुठला व्हॉल्व्ह घ्यायचा? अमेरिकेत सुट्या भागांच्या बाजारात त्याचं तयार उत्तरही मिळतं: दिसायला जवळपास सारखे दोन पितळी व्हॉल्व्ह. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असेल तर पीव्ही-२, चारही चाकांना डिस्क असेल तर पीव्ही-४. लेबल वाचा, पैसे मोजा, बसवा. पण या व्हॉल्व्हचा जन्म कशासाठी झाला ते पाहिलं की त्या लेबलवर किती विसंबायचं हे कळतं.

गाडी ब्रेक लावते तेव्हा भार पुढे सरकतो. १९६५ च्या मस्टँगचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) १०८ इंच, म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर. वजन १३६० किलो आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर धरला, तर ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) इतक्या जोराच्या ब्रेकला जवळपास २०० किलो भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. उभ्या गाडीत पुढे-मागे ५५-४५ अशी असलेली वाटणी त्या क्षणी ७०-३० वर जाते. मागच्या चाकांना रस्त्यावर पकडच कमी उरते. तेवढ्यात तीच आधी जाम झाली तर गाडी शेपटीकडून फिरते. पुढची आधी जाम झाली तर स्टिअरिंग ऐकत नाही, पण गाडी निदान सरळ तरी जाते. म्हणून जगभरचे नियम एकाच गोष्टीवर अडून आहेत: पुढची चाकं आधी जाम व्हायला हवीत.

चारही चाकांना ड्रम होते तेव्हा ही वाटणी बहुतेक गाड्यांत व्हॉल्व्हशिवायच जमत असे. पुढचा व्हील सिलिंडर (ड्रमच्या आतल्या शूला, म्हणजे घासणाऱ्या वक्र पट्टीला, ढकलणारा) जाड, मागचा बारीक; पेडल एकच, पाइपातला दाब एकच, पण शूवर पडणारा जोर वेगळा. ड्रमचा आणखी एक गुण होता. फिरता ड्रम शूला स्वतःबरोबर ओढतो, त्यामुळे शू आणखी घट्ट बसतो. बेंडिक्सच्या ड्युओ-सर्व्हो रचनेत तर पहिला शू दुसऱ्यालाही ढकलतो. फुकटची ही ताकद पुढे आणि मागे दोन्हीकडे सारखीच मिळायची, म्हणून हिशेब बिघडत नसे. तरी अपवाद होताच. १९५९ ची ब्रिटिश मिनी पाहा: चारही ड्रमच, पण इंजिनासकट सगळं वजन पुढे आणि मागचा भाग हलका. तिच्या मागच्या ब्रेकच्या लाइनमध्ये दाब आवरणारा व्हॉल्व्ह होता. म्हणजे या व्हॉल्व्हचं मूळ डिस्कमध्ये नाही, वजनात आहे. पीव्ही-२ आणि पीव्ही-४ च्या लेबलांवर वजनाचा उल्लेखही नसतो, आणि माझी तक्रार तिथेच आहे.

डिस्क आली आणि गणित वाकडं झालं. डनलॉपच्या डिस्क असलेल्या जॅग्वार सी-टाइपने १९५३ साली ल मांची शर्यत जिंकली. १९५५ च्या सित्रोएन डीएसला पुढे डिस्क होत्या, आणि तिची ब्रेकची वाटणी मागच्या सस्पेन्शनमधल्या दाबावरून, म्हणजे मागे किती भार आहे त्यावरून, आपोआप ठरायची. त्या काळाच्या मानाने हे फारच पुढचं होतं. अमेरिकेत १९६५ च्या मस्टँगला केल्सी-हेजचे चार पिस्टनचे पुढचे कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून पॅडने दाबणारे) जादा पैसे देऊन मिळू लागले. मागे ड्रमच राहिले.

त्यातून एक विजोड जोडी तयार झाली. डिस्क दाबाच्या प्रमाणातच काम करते, तिला फुकटची ताकद नसते, म्हणून तिला दाब भरपूर लागतो. तोच दाब मागच्या ड्रमला गेला की ड्रम स्वतःची ओढ त्यात मिसळतो आणि चाक जाम करतो. म्हणून डिस्क असलेल्या मस्टँगच्या मागच्या लाइनमध्ये प्रोपोर्शनिंग व्हॉल्व्ह आला. आत एक पायरीदार पिस्टन आणि एक स्प्रिंग, बस्स. ठरावीक दाबापर्यंत तो ब्रेक ऑइलला अडवत नाही. पुढे जेवढा दाब तेवढाच मागे. त्या बिंदूनंतर मागचा दाब वाढतो, पण कमी वेगाने.

१ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत दुहेरी सर्किटचा, म्हणजे ऑइलच्या दोन स्वतंत्र वाटांचा, ब्रेक सक्तीचा झाला. एका बाजूचा दाब गेला तर दिवा लावणारा स्विच त्याबरोबर आला. ड्रमचे शू स्प्रिंगच्या ओढीविरुद्ध हलेपर्यंत पुढच्या डिस्कला क्षणभर थोपवणारा मीटरिंग व्हॉल्व्हही होता. सत्तरच्या दशकात हे तिन्ही एकाच पितळी ठोकळ्यात बसले, तो कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह. आजचे पीव्ही-२ याच ठोकळ्याचे वंशज आहेत. त्यांच्या आतली स्प्रिंग कुणा विशिष्ट गाडीच्या वजनासाठी, विशिष्ट ड्रमसाठी आणि त्या काळच्या टायरसाठी बेतलेली होती.

मागच्या डिस्कचं वेड कंपन्यांनीही लावलं, पण थोड्यांनाच. कॉर्व्हेटला १९६५ पासून चारही डिस्क होत्या. १९६९ च्या कमॅरोला जेएल८ या पर्यायात त्या मिळायच्या, आणि त्या घेतलेल्या गाड्या भरल्या अवघ्या २०६. हौशी लोकांना खरा खजिना सापडला तो भंगारात. १९७७ साली आलेल्या लिंकन व्हर्सायला डिस्कसकट नऊ इंची (हे आतल्या गिअरचं माप) एक्सल होती आणि तिची रुंदी मस्टँगला जवळपास जुळायची. पुढे १९९५ नंतरच्या फोर्ड एक्सप्लोररची ८.८ इंची एक्सल त्याच कामाला लागली. एक्सल बदलायची, ड्रम फेकायचे. व्हॉल्व्ह मात्र जुनाच राहायचा.

घोटाळा तिथून सुरू होतो. जुना व्हॉल्व्ह ड्रमसाठी दाब लवकर कापतो. डिस्कला तर उलट जास्त दाब हवा, त्यामुळे मागचे कॅलिपर उपाशी राहतात आणि एवढा खर्च करून मागचा ब्रेक पूर्वीपेक्षा मिळमिळीत होतो. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलचा दाब तयार करणारा) ड्रमच्या काळचा असेल तर त्यात रेसिड्युअल व्हॉल्व्ह असू शकतो. तो सुमारे १० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब लाइनमध्ये धरून ठेवतो. ड्रमला ते चालतं, डिस्कचे पॅड मात्र घासत राहतात आणि चाकं तापतात. शिवाय ऑइल किती लागतं तेही पाहा. ७/८ इंची व्हील सिलिंडरचं क्षेत्रफळ ०.६ चौरस इंच, दीड इंची कॅलिपर पिस्टनचं १.७७, म्हणजे जवळपास तिप्पट. पेडल खोल गेलं की लोक व्हॉल्व्हला दोष देतात. दोष बहुधा मास्टर सिलिंडरच्या मापाचा असतो.

म्हणून क्रम आधी ठरवा. मास्टर सिलिंडर, कॅलिपरचा पिस्टन, डिस्कचा व्यास, टायर हे सगळं आधी ठरतं; व्हॉल्व्ह सर्वांत शेवटी. कारण तो मागचा दाब कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. मागे मुळातच ताकद कमी पडत असेल तर जगातला कुठलाही व्हॉल्व्ह ती आणून देणार नाही.

माझं मत घुंडीवाल्या ॲडजस्टेबल व्हॉल्व्हच्या बाजूने आहे, पण त्याचं माहितीपत्रक नीट वाचून. विलवूडच्या प्रसिद्ध व्हॉल्व्हवर १०० ते १००० पीएसआय आणि ५७ टक्के घट असं असतं. ५७ टक्के म्हणजे एकूण दाबातून नव्हे, मागचा दाब जिथून कमी वेगाने वाढू लागतो त्या वळणबिंदूनंतर वाढणाऱ्या दाबातून. वळण ५०० वर ठेवलं आणि पुढे ९०० पीएसआय असला तर मागे ५०० अधिक ४०० च्या ४३ टक्के, म्हणजे ६७२. वळण ३०० वर आणलं तर ५५८. घुंडी फक्त वळण सरकवते, उतार तोच राहतो. उतारच बदलायचा असेल तर रेसिंगच्या गाड्यांत असतात तसे दोन मास्टर सिलिंडर आणि त्यांच्यात पेडलचा जोर वाटणारा बॅलन्स बार लागतात. रस्त्यावरच्या गाडीत तेवढा खटाटोप कशाला!

तो बसवायचा फक्त मागच्या लाइनमध्ये, आणि जुन्या ठोकळ्यातला प्रोपोर्शनिंगचा भाग काढूनच. दोन व्हॉल्व्ह एकामागे एक आले तर दोघांचीही कात्री चालते आणि काय सेट केलंय ते कळेनासं होतं. सेटिंग मोकळ्या, कोरड्या आणि चांगल्या पकडीच्या रस्त्यावर करायचं, कारण ब्रेक सर्वांत जोरात तिथेच लागतात आणि मागचा भाग सर्वांत हलका तिथेच होतो. मागचा दाब कमीत कमी ठेवून सुरुवात करा, थोडा थोडा वाढवा आणि पुढची चाकं मागच्यांच्या आधी जाम होतात त्या हद्दीच्या अलीकडेच थांबा. टायर बदलले की हे पुन्हा करायचं.

पुढच्या एका चाकाबरोबर तिरपं समोरचं मागचं चाक जोडलेलं असतं अशा फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्यांत मागे एकच लाइन नसते. दोन्ही लाइन जोडून एक व्हॉल्व्ह बसवला तर दुहेरी सर्किटचा सगळा अर्थच गेला. डिकीत सामान भरलं तरी घुंडीला ते कळत नाही. ते काम करणारा व्हॉल्व्ह आपल्याकडच्या मेकॅनिकांना एलएसपीव्ही (लोड सेन्सिंग प्रोपोर्शनिंग व्हॉल्व्ह) म्हणून माहीत आहे. पिकअप आणि जीपवर्गीय गाड्यांच्या मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला असतो तोच. मागची बॉडी खाली बसली की तो मागे जास्त दाब सोडतो. बोशची एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) १९७८ साली मर्सिडीझ एस-क्लासमध्ये आली. नव्वदच्या दशकात तिच्यातल्या सॉफ्टवेअरनेच ही वाटणी करायला सुरुवात केली, त्याला ईबीडी (इलेक्ट्रॉनिक ब्रेकफोर्स डिस्ट्रिब्युशन) म्हणतात. तशा गाडीच्या मागच्या लाइनमध्ये घुंडीचा व्हॉल्व्ह घालायचाच नाही. सॉफ्टवेअर जो दाब मागचा समजून हिशेब करतं, तो चाकापर्यंत पोचतच नाही.