आमच्याकडे गाजराची रोपं का मिळत नाहीत?

पाऊस सरला की दुकानात रोज हा प्रश्न येतो. टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपं ठेवता, मग गाजराचीच का नाहीत? आणि जानेवारीत काही जण मोबाइलवर फोटो दाखवतात: दोन पायांचं, तीन शेपटांचं गाजर. बियाणं खराब होतं का, असं विचारतात. बियाणं चांगलं होतं. बहुतेक वेळा ते ट्रेमध्ये उगवून मग कुंडीत हलवलेलं असतं.

गाजर म्हणजे झाडाचं सोटमूळ. बी रुजलं की पानाआधी मूळ निघतं आणि सरळ खाली जातं. रोप उपटताना मुळाचं टोक दुखावलं की तिथून फाटे फुटतात. टोमॅटोची थोडी मुळं तुटली तरी चालतं, कारण आपण फळ खातो. इथे मूळच खायचं आहे. कोथिंबीर तुम्ही थेट कुंडीतच पेरता ना? गाजर त्याच कुळातलं, पानंही तशीच कातरलेली. रोपं विकली तर बियाण्याच्या पाकिटापेक्षा जास्त पैसे मिळतील, हे आम्हाला कळतं. पण वाकडी गाजरं हाती येणार हे माहीत असताना ती विकणं आम्हाला पटत नाही.

खडे, ढेकळं आणि कच्चं शेणखत यांनीही असेच फाटे फुटतात. नुसती लाल माती वापरू नका, सुकली की ती दगडासारखी होते. लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात घ्या. चाळलेलं तयार मिश्रण आमच्याकडे असतं. कुंडी किंवा ग्रो बॅग किमान १२ इंच खोल हवी, आणि बाल्कनीत रोज पाच-सहा तास ऊन.

ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर या काळात पेरा. गाजराला रंग चांगला भरतो तो १५ ते २० अंशांत. मुंबईची थंडी बेताचीच, म्हणून आम्ही नान्ते या नारिंगी जातीपेक्षा पुसा रुधिरा सुचवतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ही लाल जात उष्णता जास्त सोसते. मे महिन्यात बियाणं मागितलंत तर आम्ही थांबायलाच सांगू.

बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल नको. वरून ओलं गोणपाट टाका आणि कोंब दिसताच काढा. उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात, कधी तीन आठवडेही. आठव्या दिवशी उकरून पाहू नका. पहिली दोन पानं गवतासारखी बारीक असतात, तण समजून तीच उपटली जातात.

रोपं बोटभर उंच झाली की विरळणी करा, दोन रोपांत पाच-सहा सेंटिमीटर अंतर ठेवा. जास्तीची रोपं कात्रीने जमिनीलगत कापा. उपटली तर शेजारची मुळं हलतात. आणि ती दुसऱ्या कुंडीत लावायचा मोह होतो, तो टाळाच. पुढे गाजराचं डोकं मातीबाहेर आलं तर उन्हाने हिरवं पडतं, थोडी माती ओढून घ्या. साधारण तीन महिन्यांत गाजर काढता येतं.

पाकिटावरची तारीख पाहून घ्या, जुनं बियाणं नीट उगवत नाही. म्हणून आमची पाकिटं लहान असतात, एका बाल्कनीपुरती. तरी उरलंच, तर कोरड्या बाटलीत घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, पुढच्या ऑक्टोबरला तेच चालेल.