नुसतं बघत तर बसायचं, त्यात कसला आलाय ताण?

कारखान्यात लाइनच्या शेवटी बसून माल तपासणाऱ्यांबद्दल हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायला बसलो. उचलायचं काही नाही, समोरून जाणारा पीस बघायचा, खराब असला की बाजूला काढायचा. आणि दोन तासांनी एखादा सुटला की "लक्ष कुठे होतं?" म्हणून झापतात.

दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसणाऱ्यांचंही असंच व्हायचं. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी एक बिनआकड्यांचं घड्याळ केलं, एकच काटा, टिकटिक पुढे सरकणारा, मधेच कधीतरी दुप्पट उडी मारणारा, उडी दिसली की बटण दाबायचं, बस्स. १९४८ साली त्याने छापलं की अर्ध्या तासातच उड्या सुटायला लागतात, आणि अर्धा तास काम, अर्धा तास आराम असं केलं तर ही घसरण जवळपास थांबते.

आधी वाटायचं की कंटाळ्याने मेंदू पेंगतो. पण मानसिक भार मोजायची नासा-टीएलएक्स नावाची प्रश्नावली (१९८८) आहे, तिच्यात अशा कामांना भरपूर मार्क पडतात! का? एरवी आवाज, हालचाल आपलं लक्ष ओढून घेतात, इथे ओढणारं काहीच नाही, तुम्हीच ते धरून ठेवायचं. शिवाय चांगला पीस कसा दिसतो हे सतत डोक्यात ठेवून प्रत्येक पीस त्याच्याशी ताडून बघायचा. अल्ट्रासाउंडने मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजला तर चुका वाढतात तसा तो कमी होत जातो, आणि तोच स्क्रीन नुसता बघणाऱ्याचा, ज्याला काही शोधायचं नाही, त्याचा मात्र होत नाही. म्हणजे दमवतं ते शोधणं.

मग कामातल्या समाधानाचं काय, खूश माणूस चांगलं काम करतो म्हणतात ना? २००१ साली तीनशेच्या वर गटांचा डेटा एकत्र केला तेव्हा समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) साधारण ०.३ निघाला. ०.३ ला ०.३ ने गुणलं की ०.०९, म्हणजे माणसामाणसांच्या कामगिरीतल्या फरकाचा जेमतेम ९ टक्के भाग समाधानाशी जोडता येतो. त्यातही काम चांगलं झालं म्हणून समाधान वाटतं असंही असू शकतं. त्यामुळे पॉझिटिव्ह एनर्जीची भाषणं ठेवून खराब पीस पकडले जातील असं सांगणाऱ्यांवर माझा अजिबात विश्वास नाही, थकलेली नजर टाळ्यांनी ताजी होत नाही.

कामाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॅरासेकचं १९७९ चं म्हणणं मला जास्त पटतं, कामाची मागणी जास्त आणि हातात अधिकार काहीच नाही, तिथे ताण सगळ्यात वाईट. तपासणाऱ्याला अर्ध्या तासाने दुसऱ्या कामावर पाठवा, आणि शंका आली तर लाइन थांबवायचं बटण त्याच्या हाताशी द्या, विचारायला न लावता.